सर, गिलास कायले नेला होता?

सर, चौकात तुमचा फ्लेक्स लागला. कडुलिंबाच्या झाडाला. खिळे ठोकून.

तीन वेगवेगळ्या वाक्यांत मुद्दामच सांगितलं, म्हणजे तुम्हाला तीनदा राग येईल. मला तर सकाळपासून इतका राग आला आहे, की एकटीनं किती बाळगू? मागे बर्फाचे डोंगर आहेत, डोंगरातून धबधबा पडतो आहे, खाली तळ्यात दोन हंस, अन् या सगळ्यात तुम्ही कोट-टाय घालून. कॉलेजच्या कुठल्या तरी ग्रुप फोटोतून कापून काढलं तुम्हाला. कापणाऱ्याला कापता येत नाही, त्यामुळे डाव्या कानाखाली दुसऱ्याच कोणाचा खांदा राहून गेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘थोर निसर्गप्रेमी मधुकर सर’, अन् त्याच्या खाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यातले अर्धे जण तुम्ही समोरून येताना दिसले की गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचे.

एवढं तरी समजून घ्या, की तो माझ्या मशीनवरचा नाही. लोहाऱ्यात माझं फ्लेक्सचं दुकान असताना ही मंडळी त्यासाठी यवतमाळात गेली. त्यांना वाटलं, वैशालीताई सरांचा फ्लेक्स छापणार नाही. बरोबर वाटलं त्यांना.

मी शिडी लावली, खिळे उपटले. फ्लेक्स फाडूनच टाकणार होते. पण खाली दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, “हे टेकडीवाले सर होय का व? कधी गेले?” दुसरी वाचायला लागली, सावकाश, बोट लावल्यासारखं एकेक अक्षर. मग दोघी टेकडीबद्दल बोलायला लागल्या. सर, तुमच्या चार पानी पत्रकापाशी आजवर एक बाई थांबली नव्हती हो! काय करणार होते मी? सुतळी आणली अन् तुम्हाला, हंसांसकट, दुकानासमोरच्या लोखंडी खांबाला बांधून टाकलं. हयातभर प्रसिद्धीला नाही म्हणाले, अन् गेल्यावर अशी करून घेतली.

आपली ओळखही फ्लेक्सवरूनच झाली होती. तुम्ही मूठभर गंजके खिळे घेऊन दुकानात आले अन् काउंटरवर ओतले. “बाई, हे तुमचे का?” कोणत्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, तुम्ही झाडावरून काढून आणलेला. मी म्हटलं, “लावणाऱ्याचे आहेत. मी फक्त छापते.” तुम्ही म्हणाले, “तुम्ही छापता म्हणून तो लावतो.” अन् मग झाडाची साल, सालीखालचे थर, त्यातून चढणारं पाणी असं सगळं सुरू झालं. लग्नाची पत्रिका दाखवायला आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. शेवटी मी हात जोडले, “सर, काय असेल त्या तुमच्या झाडांच्या मंडळात माझं नाव घाला, पण आता जा.” अन् तुम्ही खरंच घातलं! दुसऱ्या दिवशी बैठकीचं बोलावणं घेऊन हजर.

मंडळात माणसं आणायची तुमची रीत हीच होती. माणूस पकडायचा, त्याच्याशी भांडायचं, तो दमला की त्याला सभासद करायचं. त्यामुळे आपली सगळी सभा एका ऑटोत मावायची. मी म्हणायचे, सर, लोक वाढवा. तुम्ही म्हणायचे, लोकांना कळलं की येतील. मी म्हणायचे, कळवणार कोण? मग तुम्ही पत्रकात आणखी एक पान वाढवायचे.

अन् ते पाच जूनचं झाडं लावणं! दर वर्षी. पाच जूनला आपल्याकडे शेतकरी कुठे असतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं? तो दिग्रसच्या नाही तर यवतमाळच्या दुकानात बियाण्याच्या रांगेत असतो, नाही तर शेतात वखर घेऊन असतो, अन् अर्धं लक्ष आभाळाकडे. जमीन तर अशी तापलेली, की रोप लावलं तरी दुपारपर्यंत मान टाकतं. मी हजारदा म्हटलं, पोळा झाला की घ्या. लोक मोकळे असतात, मातीत ओल असते, घरी पुरण असतं, माणसाचं डोकं थंड असतं. तुम्ही काय म्हणाले? “जागतिक दिवस आहे, बाई. जगाची तारीख आपण बदलायची नसते.” घ्या! जगाची तारीख सांभाळली अन् रोपं मेली. दर वर्षी आपणच लावायचं अन् आपणच वाळलेल्या काड्या उपटायच्या.

पण मी मंडळ सोडून काहून गेले नाही, ते घरचेही मला विचारतात. सांगते. एकदा मार्चमध्ये तुम्ही मला म्हसोबाच्या टेकडीवर नेलं होतं. मला वाटलं, काय पाहायचं त्या उघड्या माळावर, मुरूम अन् कुसळं. तुम्ही म्हणाले, “पाय जपून टाका, अन् तिथे पाहा.” मी पाहिलं, खडे होते. “आणखी पाहा.” खडेच होते. मग त्यातले चार खडे अंडी निघाली, टिटवीची. घरटं नाही, काडी नाही, उघड्या मुरमावर. मला आपलं एकदम भरून आलं. तिकडे शेळ्यांचा कळप येत होता, तर तुम्ही, एवढे प्राध्यापक, हात पसरून त्या अंड्यांभोवती उभे राहिले अन् शेळ्यांना म्हणू लागले, “इकडून नाही, ताई, तिकडून.” शेळ्यांना ताई! डोक्यावर टिटवी ओरडून राहिली, तुम्हालाच शिव्या देत. त्या दिवशी मी तुमची झाले, सर. त्यानंतर फ्लेक्सवर डोंगर टाकायचा असला की मी बर्फाचा टाकत नाही, आपल्या टेकडीचा टाकते. गिऱ्हाईक म्हणतं, हे काय उजाड टाकलं? मी म्हणते, उजाड नाही ते, नीट पाहा. हे तुमच्यामुळे. हे माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग हा मुरमाचा विषय आला. टेकडी म्हणजे ई-क्लासची जमीन, गावाच्या गुराढोरांसाठी राखलेली. एका ठेकेदाराला तिथला मुरूम पाहिजे होता. ग्रामसभेत ठराव झाला की मशीन येणार. म्हणजे आपल्याला गाव पाहिजे होतं, सगळं गाव, एका ऑटोतलं नाही.

तुम्ही शाळेत सभा घेतली. बरीच माणसं आली होती, सर, मी स्वतः घरोघरी फोन केले होते. अन् तुम्ही फळ्यावर गवतं काढली. मारवेल, पवना, शेडा, कुसळ. प्रत्येकाचं मूळ, प्रत्येकाचं फूल. ‘तृणभूमी परिसंस्था’ हा शब्द मी मोजायचा सोडून दिला. मागून एका म्हाताऱ्यानं हात वर केला, “सर, थे सब बराबर हाय. पन टेकडी खोदली तं खालच्या इहिरीचं काय होईन?” अख्खी सभा पुढे सरकून बसली. अन् तुम्ही खडू खाली न ठेवता म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. पण आजचा विषय गवत आहे.”

म्हातारा उठला. त्याच्या मागे त्याची रांग उठली. मी कपाळावर हात मारून घेतला, तो तुम्ही पाहिला, अन् मलाच विचारलं, “डोकं दुखतं का, बाई?”

तेव्हा मी हट्टच धरला. सभा पुरे, आता घरोघरी जायचं. बसायचं, चहा घ्यायचा, त्यांचं ऐकायचं, मग दोन वाक्यं बोलायची. तुम्ही मोठ्या कष्टानं हो म्हणाले. वरच्या गल्लीत ठीक चाललं. चहा प्लास्टिकच्या कपात आला की तुम्ही ‘मी यात घेत नाही’ म्हणायचे, ते लोक ‘सर मोठे कडक बापा’ म्हणून हसायचे अन् कपबशी आणायचे. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी बौद्ध वस्तीत गेलो. प्रज्ञाताईकडे. ती अंगणवाडीत आहे. वस्तीत तिचा शब्द चालतो, अन् जयंतीच्या फ्लेक्ससाठी दर वर्षी माझ्याच काउंटरवर बसून ती अक्षरन् अक्षर तपासते. वस्तीतले हात जिकडे वर होतील तिकडे ठराव जाईल, हे सरपंचालाही माहीत होतं. त्यांनी वस्तीला मुरमाच्या बदल्यात सिमेंटचा रस्ता कबूल केला होता. म्हणजे आपलं काम अवघडच होतं. प्रज्ञाताईनं आपल्याला खुर्च्या दिल्या, पोरीला दुकानात पिटाळून नवे कागदी कप आणवले. काहून आणवले असतील, सर? घरात काय कपबशी नव्हती? तिला अनुभव आहे. वरच्या गल्लीतला माणूस आला की त्याला आपल्या घरचा कप चालेल की नाही, याची परीक्षा नको, त्याचाही मान राहावा अन् आपलाही, म्हणून वापरून फेकायचा कप. मला कळलं ते. अन् तुम्ही काय केलं? चहा पुढे आला अन् तुम्ही तळहात आडवा केला. “नको. मी घेत नाही.” बस्स! कप म्हणायचं राहिलं, कागद म्हणायचं राहिलं. तोंडात गवत होतं ना.

तिचा चेहरा मी पाहिला. तुम्ही पाहिला नाही.

रस्त्यात तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जिथल्या तिथे उभे राहिले. एक ट्रॅक्टर मागून हॉर्न वाजवत होता तरी हलले नाही. “अहो, मला कपाचं म्हणायचं होतं.” मी म्हटलं, “मले समजलं. तिले कसं समजन?” तुमचा चेहरा इतका उतरला होता, की मला वाटलं, आता हा माणूस उद्या जाऊन सगळं नीट करेल.

तुम्ही दुसऱ्या दिवशी गेले. मला न विचारता निघाले होते, मी मागून धावत आले. अन् तुम्ही प्रज्ञाताईच्या अंगणात बसले, झोळीत हात घातला अन् घरून आणलेला स्टीलचा गिलास काढून तिच्यापुढे धरला. हसत! शाळेतल्या पोरानं गृहपाठ दाखवावा तसे. “आता कपाचा प्रश्नच नको.”

अहो सर! गिलास कायले नेला होता? एवढं शिकले तुम्ही, एवढं शिकवलं, गवताच्या काडीवरून तिचं कुळ सांगायचे. अन् दुसऱ्याच्या घरी, त्यातून त्या घरी, आपलं भांडं घेऊन जाण्याचा अर्थ काय होतो, हे तुमच्या एकदाही मनात आलं नाही? मी फाटकाशीच खिळून उभी राहिले. वाटलं, जमीन फाटावी अन् तुम्हाला, मला, गिलासाला, तिघांनाही पोटात घ्यावं.

प्रज्ञाताईनं गिलासाकडे पाहिलं. मग तुमच्याकडे. ओरडली नाही. “सर, माह्या आज्याच्या ओंजळीत लोक वरून पानी ओतत. तुमी तं घरूनच गिलास आनला. लय सुधारना झाली म्हनायची.”

तिथे तरी गप्प बसावं की नाही माणसानं? हात जोडावे, चुकलो म्हणावं, तिच्या माठातलं पाणी मागून प्यावं. तुम्ही समजावायला लागले! कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो मातीत मिसळायला किती काळ लागतो, गुरांच्या पोटात काय होतं. सगळं खरं. एकेक शब्द खरा. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं अन् म्हणाली, “चहा संपला जी.”

तुम्हाला जात माहीत नव्हती असं नाही, अन् तुम्ही पाळत होते असंही नाही. मला माहीत आहे. कॉलेजात कोणाकोणाच्या डब्यात तुम्ही जेवले, तेही माहीत आहे. पण हे तिला कोण सांगणार? अन् ती काहून ऐकणार?

त्यानंतर मी तुमच्या मागेच लागले. परत जा. झोळी घरी ठेवा, पत्रक घरी ठेवा, जमलं तर ज्ञानही घरी ठेवा. बसा, देईल त्यात देईल ते प्या. तुम्ही म्हणायचे, “जाईन.” कधी? “जाईन म्हणतो ना, बाई.” ग्रामसभा जवळ येत चालली. तुम्ही पत्रकाचं पाचवं पान लिहीत बसले. शेवटी मी फोनवर बोलले, “सर, तुम्ही उन्हाला भीत नाही, सापाला भीत नाही. माणसाला भिता.” तुमच्या पंख्याचा आवाज ऐकू आला, मग तुम्ही फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरून काकूंचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

ते वाक्य मी मागे घेत नाही, सर. आजही घेत नाही. खरंच होतं ते. तुमचं त्यावर उत्तर यायचं राहिलं, एवढंच. तुम्ही रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, अन् तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझं वाक्य चूक कसं ते मुद्देसूद सांगितलं असतं. मी तयार होते. मी उत्तरं काढून ठेवली होती. असं भांडण अर्ध्यात टाकून कोणी जातं का? तुम्हाला कोणतंच काम अर्ध्यात टाकलेलं चालत नव्हतं, अन् हेच बरं चाललं!

तुम्हाला पोहोचवून आल्यावर दोन-तीन दिवसांनी मी प्रज्ञाताईकडे गेले. मंडळातल्या बाकीच्यांचं म्हणणं, आता जाऊन काय उपयोग. मला घरी बसवत नव्हतं. तिनं चहा दिला, कपबशीत. मी प्याले. तिनं पाहिलं, की मी प्याले.

“मेलेल्या मानसाचं वाईट मी बोलत नाई,” ती म्हणाली. “पन चांगलं बी नाई बोलनार. वस्ती रस्त्याच्या बाजूनं हाय. मनात कायी ठेवू नको.”

तुमची गवतं मला पाठ आहेत, ती काय तिथे काढू? डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. मी म्हटलं, “ताई, एकदा सोबत टेकडीवर चाल. भाषण नाही देत, देवाशप्पथ.” तिला माझी दया आली असावी. चप्पल घालून निघाली.

पायथ्याशी ठेकेदाराच्या माणसांनी चुन्याच्या रेषा मारल्या आहेत, त्या तुम्हाला माहीतच आहेत. आपण दोघं कितीदा त्या ओलांडून वर गेलो, तुम्ही दर वेळी चुन्यावर बूट घासायचे. प्रज्ञाताई त्या रेषेपाशी थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “हे कायच्या रेषा व?”

“इथवर खोदणार.”

“इथवर?”

“हाव.”

ती रेषेच्या आत चार पावलं गेली अन् खाली बसली. जमिनीवर हात ठेवला. तिथे माती काळपट आहे, आपल्याला वाटायचं गुराख्यांनी शेकोटी केली असेल. “हे तं आमचं मसन हाय,” ती म्हणाली. “इथं माह्या बापाले जाळलं मी. भाऊ नाई मले, मीच आग देल्ली. कोनी सांगतलं नाई, का हे बी खोदनार.”

सर, त्या उतारावर आपण किती वर्षं उभे राहत आलो. तुमच्या भाषणात ती जागा म्हणजे मारवेलचा उतार. माझ्या फोटोत ती जागा म्हणजे छान उजेड. वस्तीचं मसन कुठे आहे, हे मंडळातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. लोकांपर्यंत पोहोचायचं, लोकांपर्यंत पोहोचायचं म्हणून इतकी वर्षं घसा कोरडा केला आपण. तुम्ही पत्रकानं पोहोचणार, मी फ्लेक्सनं पोहोचणार. पण बापा, या टेकडीवर तुमचं कोण आहे, एवढं एक विचारायचं आपल्यापैकी कोणाला सुचलं नाही. लोकांना शिकवायचीच हौस आपल्याला, ऐकायची नाही. तुम्हाला तर नव्हतीच, पण मलाही नव्हती, अन् मी स्वतःला लोकांत मिसळणारी समजत होते.

काल ग्रामसभा झाली. समाजमंदिरात जागा उरली नाही, माणसं बाहेर चपलांत उभी होती. सरपंचभाऊंनी रस्त्याचं सुरू केलं. प्रज्ञाताई बायकांच्या घोळक्यातून उठली. “रस्ता पाह्यजे आमाले. पन माह्या मायले उद्या कोन्त्या रस्त्यानं नेऊ, थे सांगा. जिथं नेतो थे जागाच तुमी खोदून राह्यले.”

सरपंचभाऊ ग्रामसेवकाकडे पाहू लागले, ग्रामसेवक कागदाकडे. मग तो म्हातारा, विहिरीवाला, उभा राहिला. मग एक बाई, तिच्या घरचा जुना बैल तिथे पुरला आहे म्हणाली, अन् रडायलाच लागली. कोणी म्हसोबाला नवस केला होता, कोणाच्या पोरीचा साखरपुडा टेकडीवरच्या बोराच्या झाडाखाली ठरला होता. प्रत्येकाचं काही ना काही निघालं. मी भिंतीशी उभी होते, एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. हात वर झाले, वरच्या गल्लीचे अन् वस्तीचे एकत्र. मुरमाचा ठराव नामंजूर. टेकडी राहिली, सर.

अन् एवढ्या वेळात तुमचं नाव कोणी घेतलं नाही.

मी वाट पाहत होते. आता कोणी घेईल, आता कोणी घेईल. शोकाकुल मंडळींपैकी चौघे तर पुढच्याच रांगेत होते. एकानं तरी म्हणावं, सर आज पाहिजे होते. नाही. टिटवी नाही, मारवेल नाही, तुम्ही नाही. सभा संपली, लोक तंबाखू थुंकत, हसत घरी गेले. प्रज्ञाताईनं जाताना माझा खांदा दाबला, नाव तिनंही घेतलं नाही. तिच्याकडून मागायचा मला काय हक्क? पण बाकीच्यांना काय झालं होतं? इतका संताप आला मला, की टेकडी राहिल्याचा आनंद करायचंही सुचलं नाही.

तिथून थेट काकूंकडे गेले. तुमची तेरवी अजून व्हायची आहे, घरात पाहुणे आहेत. काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. “राहिली का टेकडी?”

“राहिली काकू.”

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच विचारलं, “त्यांचं नाव निघालं का ग?”

मी म्हटलं, “हाव. निघालं ना. सगळ्यांनी घेतलं.”

“काय म्हणाले?”

मी म्हटलं, “म्हणाले, सरांमुळेच वाचली.”

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत, अन् पाहते तर हसून राहिल्या होत्या. “खोटं नको बोलू व,” त्या म्हणाल्या. “नाव निघालं असतं तर अर्धे लोक उठून गेले असते. चाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्यासोबत. नाही निघालं तेच बरं झालं.”

मग मलाही हसू फुटलं. बाहेर पाहुणे, घरात सुतक, अन् आम्ही दोघी पलंगावर बसून एकमेकींचे हात धरून हसून राहिलो. थांबेच ना. हसता हसता काकू एकदम थांबल्या अन् म्हणाल्या, “तू तरी घेत जा हं. माझ्यासमोर. मला इथे कोणाजवळ त्यांच्यावर चिडता येत नाही, सगळे थोर होते, थोर होते म्हणतात.”

मी हो म्हटलं आहे, सर. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की जाणार आहे त्यांच्याकडे.